फुलीची सही

(आपल्या सामुदायिक रेडिओ केंद्रावर झालेले हे भाषण, गटांच्या आग्रहावरून इथे छापत आहोत.)



गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या एका बचत गटात नवीन सभासदांची नोंदणी चालू होती. एक आजी पुढे आल्या. सचिवताईंनी रजिस्टर सरकवले, स्टँप पॅड उघडला. आजींनी अंगठा पुढे केला खरा, पण मान खाली घालून म्हणाल्या, "आमचं काय बाई, आम्ही अंगठेबहाद्दर." सगळ्या हसल्या, आजीही हसल्या. आम्हाला मात्र ते हसू टोचले. घरचे बी निवडून, राखेत घोळून, वर्षानुवर्षे टिकवणारी ही बाई. पंचक्रोशीतल्या बायका पेरणीच्या तोंडावर त्यांच्या दारात येतात. आणि सहीच्या रकान्यापाशी आल्यावर त्यांची मान खाली जाते.

त्या दिवशी आम्हाला आणखी एक रजिस्टर आठवले. ते आपल्या गावचे नाही. लंडनजवळच्या बॅटरसी गावातल्या चर्चचे आहे. १८ ऑगस्ट १७८२ रोजी तिथे एक लग्न लागले. नवरदेवाने आपले नाव लिहून सही केली. नवरी वीस वर्षांची होती. तिने सहीच्या जागी एक फुली काढली. त्या काळी इंग्लंडमध्येही असंख्य बायकांना नाव लिहिता येत नसे, त्यातलीच ती एक.

नवरदेवाचे नाव विल्यम ब्लेक. नवरीचे नाव कॅथरीन. आज ब्लेक हे इंग्लंडचे मोठे कवी आणि मोठे चित्रकार मानले जातात. आम्ही बी.ए.ला असताना इंग्रजीच्या पुस्तकात त्यांची एक छोटी कविता होती. परीक्षेपुरती पाठ केली आणि विसरलो. कवीच्या घरात कोण होते, ते पुस्तक छापले कोणी, हे तेव्हा कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. पुढे गटाचे काम करू लागलो तेव्हा ब्लेक यांच्याविषयी थोडे वाचले आणि वाटले, ही गोष्ट आपल्या मैत्रिणींना सांगायलाच हवी. म्हणून आजचे हे बोलणे.

झाडावरचे देवदूत

विल्यम ब्लेक यांचा जन्म २८ नोव्हेंबर १७५७ रोजी लंडनमध्ये झाला. वडिलांचे पायमोजे, हातमोजे विकायचे दुकान होते. मुलगा शाळेत फारसा गेला नाही. लिहिणे-वाचणे घरीच, आईच्या हाताखाली झाले.

आठ-दहा वर्षांचा असताना तो फिरत फिरत शहराबाहेरच्या माळावर गेला. घरी येऊन म्हणाला, मला एका झाडावर देवदूत बसलेले दिसले, फांद्याफांद्यांवर त्यांचे पंख चमकत होते. वडिलांना वाटले पोरगे खोटे बोलते. ते मारायला उठले. आई मध्ये पडली, म्हणून मार वाचला. त्यांच्या चरित्रात ही हकीकत सांगितली आहे.

असे काहीबाही दिसणे ब्लेक यांना जन्मभर सुटले नाही. लोकांनी वेडा म्हटले. पण त्यांचे म्हणणे समजून घेण्यासारखे आहे. एका पत्रात त्यांनी लिहिले होते, की तेच एक झाड कोणाला आनंदाने रडवते आणि कोणाला नुसते वाटेतली अडचण वाटते. म्हणजे माणूस जसा असतो तसे त्याला दिसते. आपल्याला हे नवे नाही. रिकाम्या पडीक जागेकडे पाहून एकीला उकिरडा दिसतो आणि दुसरीला परसबाग दिसते. ब्लेक यांना जे अजून नाही ते दिसत असे. म्हणून त्यांना द्रष्टा कवी म्हणतात.

पण नुसते दिसून पोट भरत नाही. चौदाव्या वर्षी, १७७२ मध्ये, वडिलांनी त्यांना जेम्स बसायर नावाच्या कारागिराकडे सात वर्षांसाठी कामाला शिकायला ठेवले. काम होते तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचे. तेव्हा फोटो नव्हते. पुस्तकात चित्र छापायचे तर आधी ते पत्र्यावर कोरावे लागे. ब्लेक यांनी जन्मभर याच कसबावर रोजीरोटी कमावली. कवी म्हणून मोठे नाव झाले ते मरणानंतर. हयातीत लोक त्यांना दुसऱ्यांची चित्रे कोरून देणारा कारागीर म्हणूनच ओळखत.

भाजीवाल्याची लेक

कॅथरीनबाईंचे वडील भाजीपाला पिकवून विकत. बॅटरसीची भाजी लंडनच्या बाजारात जाई. ब्लेक त्या गावात आले ते मन मोडून. दुसऱ्या एका मुलीने त्यांना नकार दिला होता. त्यांनी ती हकीकत कॅथरीनबाईंना सांगितली, त्यांना मनापासून वाईट वाटले, आणि तिथूनच दोघांचे जुळले असे सांगतात.

लग्नानंतर ब्लेक यांनी बायकोला लिहायला-वाचायला शिकवले. तिथेच न थांबता चित्र काढणे, छापणे, रंगवणे असे आपले सगळे कसब तिच्या हाती दिले. आपल्याकडे अजूनही कित्येक घरांत कसब मुलाला देतात, सुनेला नाही. त्या माणसाने अडीचशे वर्षांपूर्वी ते बायकोला दिले, हे आम्हाला त्यांच्या कवितेइतकेच मोठे वाटते.

आणि कॅथरीनबाईंनी ते घेतले. घेणेही सोपे नसते. दिवसभर घरकाम करून, ज्या हाताला लेखणीची सवय नाही त्या हाताने अक्षर गिरवायचे, हे किती अवघड आहे ते आपल्या साक्षरता वर्गाला गेलेल्या बायकांना विचारा.

घरातला छापखाना

ब्लेक यांचा धाकटा भाऊ रॉबर्ट १७८७ मध्ये तरुणपणीच वारला. ब्लेक यांनी त्याची रात्रंदिवस शुश्रूषा केली होती. पुढे ते सांगत, की पुस्तक छापायची एक नवी रीत रॉबर्टनेच आपल्याला दृष्टांतात येऊन दाखवली. दृष्टांताचे काय ते असो, रीत मात्र खरी होती आणि त्यांचीच होती. ती कशी होती, ते आपल्या गटाच्या शिक्क्यावरून समजेल.

गटाचा रबरी शिक्का हातात घेऊन पाहा. त्यावरची अक्षरे उलटी असतात आणि उठावाची असतात. शाई उठावाला लागते, म्हणून कागदावर नाव सुलटे उमटते. ब्लेक यांनी तांब्याच्या पत्र्याचा असाच शिक्का केला. ज्या द्रवावर आम्लाचा परिणाम होत नाही अशा चिकट द्रवाने ते पत्र्यावर कविता लिहीत, तीही उलट्या अक्षरांत, आरशात दिसावी तशी. भोवती वेली, पाखरे, माणसे काढत. मग पत्र्यावर आम्ल ओतत. आम्लाने मोकळा भाग खाल्ला जाई, लिहिलेले आणि काढलेले तेवढे उठून राही. त्यावर शाई लावायची, कागद ठेवायचा, दाबयंत्रातून काढायचा. शेवटी एकेक पान हाताने रंगवायचे.

साध्या छापखान्यात मजकूर एकीकडे छापत, चित्र दुसरीकडे. इथे कविता आणि चित्र एकाच पत्र्यावर, एकाच घरात. पान छापायला, रंगवायला, पुठ्ठ्यात बांधायला कॅथरीनबाई बरोबरीने असत. शाई आणि रंग घरचे. मध्ये प्रकाशक नाही, दलाल नाही. १७८९ मध्ये त्यांचे निरागसतेच्या गाण्यांचे पुस्तक असे निघाले, १७९४ मध्ये त्याला अनुभवाच्या गाण्यांची जोड मिळाली. १७९३ च्या एका जाहिरातीत पहिल्या पुस्तकाची किंमत पाच शिलिंग लिहिली आहे.

धंदा म्हणून हे फारसे चालले नाही, हेही सांगायला हवे. एकेक प्रत तयार व्हायला वेळ लागे, घेणारे थोडे होते. माल उत्तम असला की आपोआप खपतो असे नसते, हे आपण प्रदर्शनात पापड-लोणच्यांचे स्टॉल लावून शिकलो आहोत. पण त्या हाताने रंगवलेल्या प्रती आज मोठमोठ्या संग्रहालयांत जपून ठेवल्या आहेत. एकीसारखी दुसरी नाही.

धुराड्यातली पोरे

ब्लेक यांनी कविता कशावर केल्या? त्यांच्या रस्त्यावर जे दिसत होते त्यावरही केल्या.

लंडनच्या घरांत थंडीसाठी कोळसा जळत असे. धूर जायला उंच, अरुंद धुराडी असत. ती काजळीने भरली की साफ करायला आत मोठा माणूस मावत नसे. म्हणून पाच-सहा वर्षांची पोरे आत चढवत. गरीब आई-बाप थोड्या पैशांसाठी ही पोरे ठेकेदाराच्या हवाली करत. पोरांचे गुडघे-कोपरे सोलवटत, काही आतच गुदमरत. काजळीमुळे त्यांना पुढे कर्करोग होतो, हे पर्सिव्हल पॉट नावाच्या शल्यवैद्याने १७७५ मध्येच लिहून ठेवले होते. १७८८ मध्ये आठ वर्षांखालच्या पोरांना या कामाला लावू नये असा कायदा झाला. तो कागदावरच राहिला.

पुढच्याच वर्षी, १७८९ च्या पुस्तकात, ब्लेक यांनी अशा एका पोराच्या तोंडून कविता लिहिली. १७९४ मध्ये दुसरी लिहिली, ती जास्त कडवट होती. पोराला असे टाकून देवळात जाणारे आई-बाप आणि त्यांना पाठीशी घालणारे धर्माचे आणि राज्याचे मुखत्यार, सगळ्यांकडे तिने बोट दाखवले. १८२४ मध्ये जेम्स मॉन्टगोमेरी यांनी या पोरांच्या बाजूने एक पुस्तक काढले. चार्ल्स लॅम या लेखकाने त्यासाठी ब्लेक यांची पहिली कविता पाठवली आणि ती त्यात छापली गेली.

कवितेने कायदा झाला असे आम्ही म्हणणार नाही. १८३४, १८४०, १८६४ असे कायदे होत गेले आणि लोक ते मोडत गेले. १८७५ मध्ये एक मुलगा धुराड्यात अडकून दगावला, तेव्हा कुठे परवाना आणि पोलिसांची देखरेख असलेला पक्का कायदा आला. ब्लेक यांची पहिली कविता आणि हा कायदा यांच्यामध्ये ८६ वर्षे गेली. पण ज्या पोरांकडे लोक काजळीचा गोळा म्हणून पाहत होते, त्यांना कवितेत आवाज मिळाला आणि तो आवाज चळवळीच्या कामी आला. एवढे कवितेचे काम असते, आणि ते थोडे नाही.

त्याच काळात मेरी वुलस्टनक्राफ्ट या लेखिकेच्या मुलांसाठीच्या गोष्टींच्या पुस्तकाला ब्लेक यांनी चित्रे काढून दिली. ती सचित्र आवृत्ती १७९१ मध्ये निघाली. पुढच्या वर्षी, १७९२ मध्ये, याच बाईंनी स्त्रियांच्या हक्कांवर एक ग्रंथ लिहिला. मुलींना शिक्षण दिले तर त्या पुरुषांच्या बरोबरीने विचार करू शकतात असे त्यात ठणकावून सांगितले होते. तो ग्रंथ आजही जगभर वाचला जातो.

रिकामे ताट आणि लपवलेले नाणे

१८०० मध्ये दोघे लंडन सोडून समुद्राकाठच्या फेल्पम या खेड्यात राहायला गेले. तीन वर्षे राहिले. १८०३ मध्ये ब्लेक यांनी बागेत घुसलेल्या एका शिपायाला बाहेर काढले. त्याने राजाविरुद्ध बोलल्याचा आरोप केला. खटला उभा राहिला. गावातल्या शेजाऱ्यांनी खरे काय ते सांगितले आणि जानेवारी १८०४ मध्ये ब्लेक सुटले.

१८०९ मध्ये त्यांनी लंडनला भावाच्या मोज्यांच्या दुकानात वरच्या मजल्यावर आपल्या चित्रांचे प्रदर्शन भरवले. त्यात एक चित्र आपल्या देशाशी नाते सांगणारे होते. चार्ल्स विल्किन्स यांनी भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर केले, ते १७८५ मध्ये छापले गेले. विल्किन्स पंडितांसोबत गीतेवर काम करत आहेत असे ते चित्र होते. आज ते हरवले आहे. प्रदर्शनाला माणसे फारशी फिरकली नाहीत. एका वर्तमानपत्राने तर चित्रकाराला वेड्यात काढले.

अशा दिवसांत घर कोणी चालवले? कॅथरीनबाईंनी. त्यांच्या चरित्रात एक गोष्ट आहे. घरातले पैसे संपत आले की त्या नवऱ्याशी भांडत नसत. घरात जे असेल ते वाढत. काहीच उरले नाही की जेवायच्या वेळी समोर रिकामे ताट ठेवत. मग ब्लेक कवितेची वही बाजूला ठेवून पैशाच्या कामाला, दुसऱ्यांची चित्रे कोरायला बसत.

दुसरी गोष्ट त्यांना जवळून ओळखणाऱ्याने लिहिली आहे. अडीअडचणीसाठी कॅथरीनबाई सोन्याचे एखादे नाणे कायम बाजूला ठेवत. नवऱ्याला मरेपर्यंत ते कळले नाही. मैत्रिणींनो, हे ऐकून कितीजणींना आपला तांदळाचा डबा आठवला? बचत गट निघायच्या आधी आपल्या आया आणि आज्या हेच करत होत्या.

शेवटच्या वर्षांत जॉन लिनेल नावाचा तरुण चित्रकार ब्लेक यांच्या मदतीला उभा राहिला. त्याने काम दिले, पैसे दिले. बायबलमधल्या ईयोबाच्या कथेवरची कोरीव चित्रे १८२६ मध्ये निघाली. इटालियन कवी दान्ते यांच्या महाकाव्यावर चित्रे काढायची म्हणून साठी उलटलेले ब्लेक इटालियन भाषा शिकले. अंथरुणावर पडूनही काम चालू होते. १२ ऑगस्ट १८२७ रोजी ते गेले. जाण्याआधी त्यांनी कॅथरीनबाईंना समोर बसवून त्यांचे चित्र काढले, असे सांगतात. लग्नाला पंचेचाळीस वर्षे व्हायला सहा दिवस कमी होते. दफनासाठी पैसे उसने घ्यावे लागले. कबरीवर दगडही बसला नाही.

जपणारे हात

इथे गोष्ट संपायला हवी होती. न खपलेली पुस्तके, विनादगडाची कबर. मग दोनशे वर्षांनी आपण रेडिओवर हे नाव का घेत आहोत?

कारण ते काम कोणी ना कोणी जपले. पहिल्या कॅथरीनबाई. त्या पुढे चार वर्षे जगल्या. दुसऱ्यांकडे घर सांभाळायचे काम केले, आणि ब्लेक यांची पुस्तके, चित्रे नीट ठेवून एकेक विकत राहिल्या. राजघराण्यातल्या एका राजकन्येने त्यांना शंभर पौंड पाठवले, तर त्यांनी आभार मानून परत केले, माझ्यापेक्षा जास्त गरज असणारे कोणी असेल म्हणाल्या, अशी हकीकत आहे. १८३१ मध्ये त्या वारल्या.

मग १८४७ मध्ये दान्ते गॅब्रिएल रोझेटी या तरुणाने ब्लेक यांची एक हस्तलिखित वही दहा शिलिंगांना घेतली, तेही भावाकडून पैसे उसने घेऊन. ती वही आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यानंतर अलेक्झांडर गिलख्रिस्ट यांनी ब्लेक यांचे चरित्र लिहायला घेतले. १८६१ मध्ये लेकीला लाल तापाची साथ लागली, तिच्याकडून वडिलांना लागली आणि ते गेले. मागे पत्नी अ‍ॅन आणि चार मुले. अ‍ॅनबाईंनी रोझेटी बंधूंच्या मदतीने ते चरित्र पुरे केले. १८६३ मध्ये दोन खंड निघाले. या पुस्तकामुळे लोकांना ब्लेक खऱ्या अर्थाने कळले. पुस्तकावर लेखक म्हणून नाव अलेक्झांडर यांचे होते.

पुढे १८९३ मध्ये ब्लेक यांच्या साहित्याचे मोठे संपादन निघाले. ते करणाऱ्या दोघांपैकी एक होते आयरिश कवी येट्स. याच येट्स यांनी १९१२ मध्ये रवींद्रनाथ ठाकुरांच्या इंग्रजी गीतांजलीला प्रस्तावना लिहिली. ज्ञान असे हातोहात फिरत येते.

खेड्यातल्या बायकांचे गाणे

आता आपल्याला सगळ्यात जवळची गोष्ट. फेल्पमहून परतल्यावर ब्लेक यांनी मिल्टन कवीवर एक मोठे पुस्तक केले. त्यावर १८०४ साल आहे. त्याच्या सुरुवातीला चार कडव्यांची एक कविता होती. इंग्लंडचे हिरवे डोंगर, त्यात उभ्या राहिलेल्या काळ्या गिरण्या, आणि न थकता झगडून याच भूमीवर न्यायाचे नगर उभारू ही शपथ, असा तिचा आशय. त्या पुस्तकाच्या चारच प्रती आज आहेत. ही कविता त्यातल्या दोनच प्रतींत आहे. म्हणजे ब्लेक गेले तेव्हा ही कविता मूठभर माणसांनीच पाहिली असणार.

१९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धात, ह्यूबर्ट पॅरी या संगीतकाराने तिला चाल लावली. गाण्याला पुढे जेरूसलेम हे नाव पडले. तेव्हा इंग्लंडमधल्या बायका मताच्या हक्कासाठी झगडत होत्या. १९१८ मध्ये तीस वर्षांवरच्या, ठराविक अटींत बसणाऱ्या बायकांना तो मिळाला. मार्च १९१८ मध्ये लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये त्याचा आनंदसोहळा झाला, त्यात हे गाणे झाले. मिलिसेंट फॉसेट या मताधिकार संघाच्या पुढारी. हे गाणे स्त्री मतदारांचे गाणे व्हावे असे त्यांना वाटले. पॅरी यांनाही ते आवडले आणि त्यांनी गाण्याचे हक्कच या संघाला देऊन टाकले.

१९२८ मध्ये एकवीस वर्षांवरच्या सगळ्या बायकांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळाले. संघाचे काम पुरे झाले. मग गाण्याचे हक्क कोणाकडे गेले? खेड्यातल्या बायकांच्या मंडळांकडे. तिथे त्यांना विमेन्स इन्स्टिट्यूट म्हणतात. ही चळवळ १८९७ मध्ये कॅनडात सुरू झाली आणि १९१५ मध्ये वेल्समधल्या एका गावातून ब्रिटनमध्ये आली. गावोगावच्या बायका महिन्यातून एकदा जमत, नवे काही शिकत, गावच्या अडचणींवर ठराव करत. दुसऱ्या महायुद्धात अन्नाची टंचाई झाली तेव्हा सरकारने त्यांना साखर दिली आणि त्यांनी गावची फळे वाया न घालवता जॅम करून ठेवला. १९२४ पासून त्यांनी हे गाणे आपल्या सभेत म्हणायला घेतले होते. गाण्याचे हक्क १९६८ पर्यंत त्यांच्या महासंघाकडे राहिले. म्हणजे ते कुठे छापले, वाजवले की त्याचे मानधन बायकांच्या संघटनेला मिळे.

आज ते गाणे इंग्लंडच्या क्रिकेट सामन्यांना वाजते. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनात ते गायले गेले. पण त्याला पहिल्यांदा घराघरात नेले ते मत मागणाऱ्या आणि जॅम करणाऱ्या बायकांनी.

ब्लेक यांच्या कबरीच्या नेमक्या जागेवर दगड बसला तो १२ ऑगस्ट २०१८ रोजी, मृत्यूनंतर १९१ वर्षांनी. त्यांच्या चाहत्यांनी तो बसवला. पुढच्या वर्षी लंडनच्या टेट ब्रिटन संग्रहालयात त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले. त्यात कॅथरीनबाईंच्या छपाईच्या आणि रंगकामाच्या वाट्याचाही आवर्जून उल्लेख होता.

आजींचा प्रश्न

ही गोष्ट आम्ही त्या गटाच्या पुढच्या बैठकीत सांगितली. सुरुवातीला ज्यांच्याविषयी बोललो त्या आजी शांतपणे ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एकच विचारले, "मग त्या बाईचं नाव त्या पुस्तकावर आलं का?"

आम्हाला खरे तेच सांगावे लागले. नाही आले. कुठले पान त्यांनी रंगवले आणि कुठले नवऱ्याने, हे आज जाणकारांनाही खात्रीने सांगता येत नाही. त्यांनी स्वतःविषयी काय लिहिले असते, तेही आपल्या हाती नाही. ब्लेक यांच्या मोठेपणाला याने कमीपणा येत नाही. उलट आपण त्यांचे दोन्ही अंगांनी ऋणी राहावे. पण जे लिहिले जात नाही ते दोनशे वर्षांनी शोधून सापडत नाही, एवढे मात्र आपण यातून घ्यावे.

आजी म्हणाल्या, "मग आमचं लिहून ठेवा."

म्हणून मैत्रिणींनो, या महिन्याच्या बैठकीत तीन गोष्टी करून पाहा. पहिली, गटाच्या रजिस्टरमध्ये एक पान वेगळे ठेवा. गटातल्या प्रत्येकीला कोणते कसब येते आणि ते ती कोणाकडून शिकली, हे तिच्या नावासह लिहा. बी राखणे, गोधडी शिवणे, बाळंतिणीची मालिश, जात्यावरच्या ओव्या, काहीही असो. दुसरी, गटाचा माल विकायला काढाल तेव्हा पाकिटावर गटाच्या नावासोबत तो करणारीचेही नाव घाला. तिसरी, जी सही करू शकत नाही तिला हसू नका. आठवड्यातून दोनदा तिच्याजवळ बसा आणि तिचे नाव गिरवून घ्या. त्यात जितका वेळ जाईल तितका जाऊ द्या.

आमच्या त्या आजी आता नावाचे पहिले अक्षर काढतात. ते अजून जरा वाकडे येते. पण पानावर पहिल्या ओळीत त्यांच्या नावापुढे आम्ही लिहिले आहे: गावरान वांगी, भोपळा आणि घेवड्याचे बी राखतात, सासूबाईंकडून शिकल्या.

तुमच्या गटाचे पान तयार झाले की आपल्या केंद्रावर आणून द्या. आपण ते नावानिशी रेडिओवर वाचून दाखवू.